मीटर तोच, खांबावरची तार तीच, बोर्ड मात्र नवा

जुन्या घरात वीज बहुधा अशी येते. रस्त्यावरच्या खांबावरून काळी सर्व्हिस वायर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेच्या आधाराने निघते, वळचणीखालच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरपाशी थांबते, तिथून लोखंडी पाइपात शिरते आणि पडवीतल्या मीटरमार्गे सागवानी बोर्डवर पोचते. बोर्डवर एक लोखंडी मेन स्विच, तीन-चार पांढरे किटकॅट फ्यूज आणि खिळ्याला गुंडाळून ठेवलेली फ्यूजची तार. हा बोर्ड काढून तिथे एमसीबीची (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचची) डीबी, म्हणजे वाटप पेटी, बसवायची, पण खांबापासून मीटरपर्यंतचं सगळं आहे तसंच ठेवायचं, असं काम काढलेल्या घरमालकासाठी हे लिहितो आहे. मुंबई शहरात, जिथे बेस्टची वीज जमिनीखालच्या केबलने येते, तिथल्या वाचकांना यातलं निम्मं उपयोगी पडणार नाही.

दुकानात गेलात की दुकानदार आठ वे किंवा बारा वेची (तितक्या जागांची) पेटी काढून देतो, त्यात एक मेन, एक आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच), बाकी एमसीबी. फ्लॅटला ही मांडणी पुरते, कारण तिथे इमारतीचं अर्थिंग तयार असतं आणि केबलवर झावळी पडत नाही. आपल्याकडे वीज उघड्यावरून येते. वळवाच्या पावसात जवळ वीज पडली, माडाची झावळी तारांवर आली, किंवा रात्री घाईत खांबावर जोडणी उलटी झाली, तर त्याचा धक्का थेट आपल्या बोर्डला बसतो. म्हणून नवा बोर्ड निवडताना घरात किती पंखे आहेत यापेक्षा बाहेरची तार कशी वागते हे आधी बघावं, असं माझं मत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हे काम स्वतः करायचं नाही. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर घरातलं वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यायचं, असा नियम आहे. तुमचं काम म्हणजे काय हवं ते ठरवणं, वायरमनला योग्य प्रश्न विचारणं आणि शेवटी तपासून घेणं.

आपली हद्द कुठून सुरू होते

सर्व्हिस वायर, कटआउट (मीटरच्या आधीचा फ्यूज) आणि मीटर ही महावितरणची बाजू. गोव्यात असाल तर वीज खात्याची. मीटरमधून बाहेर पडणाऱ्या दोन तारांपासून पुढचं सगळं आपलं. मीटरचं सील स्वतः तोडलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १३८ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "पाच मिनिटांचं काम आहे, सील मी नंतर बसवून देतो" असं सांगणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

कायदा बाजूला ठेवला तरी दुसरं कारण उरतं. मीटरपासून मेन स्विचपर्यंतची तार तुम्हाला बंद करता येत नाही. मेन स्विच खाली पाडला तरी त्याच्या वरच्या टोकाला वीज असतेच, आणि नवा बोर्ड बसवताना नेमकं तेच टोक सोडवायचं असतं. त्यामुळे वीज खांबावरून किंवा कटआउटमधून, लाइनमनच्या हातानेच बंद व्हायला हवी. स्थानिक शाखा कार्यालयात आधी अर्ज द्या, ग्राहक क्रमांक लिहा, तारीख ठरवून घ्या. महावितरण सध्या जुने मीटर काढून टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे) मीटर बसवत आहे. तुमच्या गावात ते काम चालू असेल, तर त्याच दिवशी आपलंही काम उरकता येईल का ते विचारा. मीटरची जोडणी एकदाच सोडवली जाईल.

अर्ज देतानाच बिलावरचा मंजूर भार बघून घ्या. ३ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला साधारण १३ अँपिअर, ५ किलोवॉट म्हणजे २२. घरात आता गीझर, एसी, एक अश्वशक्तीचा पंप असं सगळं झालं असेल आणि बिलावर अजून वडिलांच्या काळातला भार असेल, तर आधी भार वाढवून घ्या. नुसता मोठा मेन एमसीबी बसवून प्रश्न सुटत नाही. ट्रिप होणं थांबतं, पण मग फ्यूजचं काम बाहेरची जुनी बारीक सर्व्हिस वायर करू लागते.

बाहेर एकदा नीट बघा

जमिनीवर उभं राहून, मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळ घेऊन बघा. शिडी लावू नका.

तारेचं आवरण तडकलेलं दिसतं का? मध्येच टेप गुंडाळलेले सांधे आहेत का? आधाराची जीआय तार गंजून एखाद-दुसऱ्या पदरावर लटकते आहे का? सर्व्हिस वायर छपराच्या पत्र्याला घासते का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वाऱ्याने हलणाऱ्या तारेचं आवरण पत्र्याच्या कडेला झिजत जातं, आणि एका पावसात अख्खं छप्पर, पन्हळ आणि पन्हळीला बांधलेली कपड्यांची तार जिवंत होते. सर्व्हिस पाइपला कपड्यांची तार बांधलेली असेल तर ती आजच सोडा, बोर्डचं काम नंतर.

पाइपात शिरण्याआधी वायरने खाली झोळ घेतलेला असावा आणि पाइपाचं तोंड वाकवून जमिनीकडे केलेलं असावं. पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून जातं. झोळ नसेल तर पाणी वायरवरून थेट मीटरच्या पेटीत उतरतं. मीटरखालच्या भिंतीवर पावसाळ्यात ओलीचा उभा पट्टा दिसत असेल तर कारण बहुतेक हेच.

घरावर मजला चढवला असेल तर अंतरंही बघा. लघुदाबाच्या उघड्या तारा छताच्या वरून जात असतील तर मध्ये २.५ मीटर, आणि बाजूने जात असतील तर भिंतीपासून १.२ मीटर मोकळी जागा लागते. नव्या गॅलरीतून हात लांब केल्यावर तार लागेल अशी घरं मी पाहिली आहेत. तिथे बोर्ड बदलण्याच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही.

यातलं काहीही खराब दिसलं तर १९१२ वर तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून ठेवा आणि ती बाजू दुरुस्त होईपर्यंत थांबा. तार जुनी असणं चालतं, आवरण फाटलेलं चालत नाही.

खांबावरची वीज काय काय करते

नव्या बोर्डमध्ये कोणतं उपकरण कशासाठी, हे समजायला हा भाग वाचावा लागेल.

गावातल्या लाइनवर तीन फेज (वीज आणणाऱ्या तारा) आणि एक न्यूट्रल (ती परत नेणारी तार) असतो. तुमच्या घराला त्यातला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो, शेजाऱ्याला कदाचित दुसरा फेज आणि तोच न्यूट्रल. लाइनवरचा हा न्यूट्रल कुठे तुटला, तर पुढच्या घरांतली उपकरणं दोन फेजच्या मध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्याच्याकडे त्या वेळी कमी लोड चालू आहे त्याच्याकडे व्होल्टेज चढतं, २३० चं ३०० होतं, कधी ४०० च्या जवळ जातं. दिवे आधी लखलखतात, मग फ्रिज, टीव्ही, वायफायचा राउटर एका दमात जातात. अशा वेळी ना किटकॅट उडतो, ना एमसीबी पडतो, ना आरसीसीबी. या तिघांपैकी कोणीही व्होल्टेज बघत नाही.

न्यूट्रल फक्त तुमच्या सर्व्हिस वायरचा तुटला तर गंमत वेगळी. दिवा लागत नाही, पण टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत लागतो. चालू असलेल्या उपकरणांमधून फेज न्यूट्रलच्या तारेवर आलेला असतो. "लाइट गेली आहे" असं समजून कोणी न्यूट्रलला हात लावला की शॉक. आणि जुन्या घरांत काही कारागिरांनी अर्थिंगच्या जागी न्यूट्रलच जोडून दिलेला असतो. तिथे याच क्षणी फ्रिजचं आणि वॉशिंग मशीनचं लोखंडी अंग जिवंत होतं.

तिसरी गोष्ट उलटापालटीची. वादळानंतर खांबावर जंपर (जोडतार) जोडताना फेज आणि न्यूट्रल बदलले जाऊ शकतात. घरातलं सगळं पूर्वीसारखंच चालतं, म्हणून कुणाला कळत नाही. पण आता फ्यूज न्यूट्रलवर आहे आणि भिंतीवरचं बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये फेज उभा आहे. बल्ब बदलताना शॉक बसण्याचं हे एक नेहमीचं कारण. म्हणून मेन दोन्ही तारा तोडणारा, म्हणजे डबल पोलच हवा. गीझर आणि पंपालाही तसाच घ्या.

आकाशातल्या विजेबद्दल फार सांगायला नको. ती तुमच्या घरावर पडायचीही गरज नाही. लाइनच्या आसपास पडली तरी तारेवरून लाट घरात येते.

घरातल्या लाइनी उलगडा

नवी पेटी विकत घेण्याच्या आधी एक रविवार यात घाला. एका वेळी एकच फ्यूज काढा आणि घरभर फिरून काय बंद झालं ते लिहा. जुन्या घरात चमत्कार निघतात. देवघराचा दिवा गोठ्याच्या लाइनवर, स्वयंपाकघराचा पॉवर पॉइंट माळ्यावरच्या पंख्याबरोबर. कागदावर खोलीवार नकाशा काढा आणि पुढे वायरमनच्या हातात तोच द्या.

मग वायरची जाडी. जुने वायरमन अजून ३/२२, १/१८, ३/२०, ७/२० असं बोलतात. पहिला आकडा पदरांचा, दुसरा गेजचा. ३/२२ आणि १/१८ या दोन्ही साधारण १.२ चौरस मिलिमीटरच्या, ३/२० दोनच्या आसपास, ७/२० साडेचारच्या थोडी वर. आजची 'दीडची', 'अडीचची', 'चारची' वायर यांच्याशी त्या तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे ३/२० ला अडीचची समजून १६ अँपिअरचा एमसीबी लावण्यापेक्षा १० चा लावा. वायर ॲल्युमिनियमची असेल तर आणखी एक पायरी खाली या.

एमसीबी वायरला वाचवतो, उपकरणाला नाही. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा लावायचा नसतो. आधी वायर जाड करायची, मग एमसीबी.

आवरण बघा. लाकडी पट्टीतली कापडी वेष्टणाची रबरी वायर हळूच वाकवून बघितली आणि रबराचा भुगा हातात आला, तर नवी डीबी लावून काही साधणार नाही. तेवढी लाइन आधी नव्याने ओढा. पीव्हीसीची वायर मऊ असेल तर ठेवता येते.

शेवटी न्यूट्रल. हा भाग वायरमन टाळतात आणि पुढे डोकेदुखी होते. जुन्या बोर्डवर सगळे न्यूट्रल एकाच लिंकवर (जोडपट्टीवर) असायचे, त्यामुळे कोणता न्यूट्रल कोणत्या फेजचा याची फिकीर कुणी केली नाही. आरसीसीबी मात्र गेलेला आणि परत आलेला करंट सारखा आहे का हेच मोजतो. दोन आरसीसीबी लावायचे असतील तर प्रत्येकाचे न्यूट्रल त्याच्याच पट्टीवर यावे लागतात. एक जरी चुकला तरी दिवा लावल्याबरोबर बोर्ड बंद. म्हणून प्रत्येक फेजबरोबर त्याचा न्यूट्रल शोधून दोन्हींवर एकच आकडा असलेली चिठ्ठी लावून घ्या.

डीबीत काय, आणि कोणत्या क्रमाने

मीटर पडवीत आणि डीबी माजघरात असेल, तर मधल्या वायरला कुणाचंच संरक्षण नसतं. मीटरच्या शेजारी, आपल्या वेगळ्या पेटीत, एक डबल पोल एमसीबी लावा. ५ किलोवॉटपर्यंतच्या घराला ३२ अँपिअर पुरेसा, भार कमी असेल तर २५. रात्री काही जळाल्याचा वास आला तर बाहेरून अख्खं घर बंद करता येतं, हा दुसरा फायदा. तिथून डीबीपर्यंत सहाची तांब्याची वायर.

डीबीत पहिला मेन. मेनच्या लगेच पुढे एसपीडी, म्हणजे विजेची लाट जमिनीत उतरवणारं उपकरण. त्याला स्वतःचा वेगळा एमसीबी द्या, कारण न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढलं की एसपीडी जळू शकतो आणि जळाल्यावर तो बाजूला व्हायला हवा. एसपीडीची अर्थची वायर जितकी आखूड आणि सरळ तितकी चांगली. सुबक दिसावी म्हणून पेटीत वळणं देत फिरवली की उपयोग कमी होतो. एसपीडी आरसीसीबीच्या आधी यायला हवा. नंतर लावला तर प्रत्येक गडगडाटात आरसीसीबी पडेल.

पुढे व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज साधारण २७० च्या वर किंवा १७०-१८० च्या खाली गेलं की तो पुरवठा तोडतो आणि ठीक झाल्यावर थोड्या वेळाने आपोआप जोडतो. पैसे कमी असतील आणि काहीतरी गाळायचंच असेल तर एक-दोन शोभेचे पॉइंट गाळा, हा गाळू नका. खांबावरच्या विजेला याच्याइतकं नेमकं उत्तर दुसरं नाही.

मग आरसीसीबी, ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा. पेटीवर ३०, १०० आणि ३०० असे आकडे दिसतील. माणसाला वाचवतो तो ३० चा. शक्य असेल तर दोन घ्या. एकावर दिवे-पंखे आणि फ्रिज, दुसऱ्यावर बाथरूम, पंप, अंगण. पंपात पाणी गेलं म्हणून रात्री अख्खं घर अंधारात जायला नको. 'एसी' प्रकाराचा आणि 'ए' प्रकाराचा असे दोन मिळतात. घरात इन्व्हर्टर एसी किंवा आधुनिक वॉशिंग मशीन असेल तर 'ए' घ्या, कारण असल्या यंत्रांची गळती 'एसी' प्रकाराला नीट कळत नाही. आरसीसीबी ओव्हरलोडवर पडत नाही, ते काम एमसीबीचं. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलात तर आरसीसीबीलाही कळणार नाही. त्याच्या लेखी तुम्ही एक बल्ब आहात.

शेवटी एमसीबींची रांग. साधारण मांडणी अशी:

- दिवे-पंखे, दोन लाइनींत विभागून: दीडची वायर, ६ किंवा १० अँपिअर
- स्वयंपाकघराचे पॉवर पॉइंट: अडीचची, १६
- गीझर: चारची, २०, डबल पोल
- एसी: चारची, २०, सी कर्व्ह
- एक अश्वशक्तीचा पंप: अडीचची, १६, सी कर्व्ह
- दोन जागा रिकाम्या

बी कर्व्हचा एमसीबी नेमलेल्या करंटच्या ३ ते ५ पट गेल्यावर तत्काळ पडतो, सी कर्व्हचा ५ ते १० पटीला. मोटर सुरू होताना मोठा घोट घेते, म्हणून तिला सी. दिव्यांना बी चांगला, पण तालुक्याच्या दुकानात बहुतेक सीच मिळतो. तो लावला तरी चालेल.

इन्व्हर्टर असेल तर त्याचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच आरसीसीबीच्या पुढे घ्या. फेज आधीचा आणि न्यूट्रल नंतरचा झाला की लाइट आल्याबरोबर ट्रिप.

अर्थिंग

नव्या बोर्डची निम्मी किंमत जमिनीत असते, आणि हाच भाग सर्वांत जास्त फसवाफसवीचा. बऱ्याच जुन्या घरांत अर्थिंगची हिरवी तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असते. पूर्वी तो पाइप जमिनीत लांबवर जायचा. आता मध्ये कुठेतरी प्लास्टिकचा तुकडा जोडला गेला आहे आणि अर्थिंग तिथेच संपलं आहे. ते तोडून स्वतंत्र खड्डा घ्या. भिंतीपासून किमान १.५ मीटर दूर, ४० मिलिमीटर व्यासाचा २.५ मीटर लांब जीआय पाइप किंवा ६०० बाय ६०० मिलिमीटरची पत्री. बाथरूमच्या किंवा भांडी घासण्याच्या सांडपाण्याजवळ जागा मिळाली तर उत्तम, ओल टिकते. कोकणातल्या जांभ्यात आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत अर्थिंगचा रोध वाढतो. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची सवय ठेवा.

आता हिशेब बघा. समजा अर्थिंग बेताचंच आहे, १०० ओहम. फ्रिजच्या अंगाला फेज लागला तर जमिनीकडे जाणारा करंट २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर. सोळाच्या एमसीबीला हे चालू फ्रिजसारखंच वाटेल, तो कधीच पडणार नाही, आणि फ्रिजचं अंग जिवंत राहील. अगदी १० ओहमचं चांगलं अर्थिंग असलं तरी २३ अँपिअरला तो एमसीबी लगेच पडत नाही. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला मात्र २.३ अँपिअर म्हणजे पंचाहत्तरपटीहून जास्त. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतो. खांबावरून तार येणाऱ्या घरात आरसीसीबी ही चैन नव्हे, ते असं. तरीही अर्थिंग जितकं कमी ओहमचं तितकं बरं, कारण एसपीडीची लाट त्याच वाटेने उतरायची आहे.

न्यूट्रल आणि अर्थ घरात कुठेही एकत्र जोडायचे नाहीत. "जोडलं की अर्थिंग जोरात लागतं" असं सांगणारे आहेत. न्यूट्रल तुटल्यावर काय होतं ते वर आलंच आहे.

कामाचा दिवस

पावसाळा टाळा. सकाळी लवकर सुरू करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत लाइट परत जोडून मिळेल. पाण्याची टाकी आदल्या रात्री भरा.

आधी इन्व्हर्टर बंद करा आणि त्याची बाहेर जाणारी जोडणी काढा. लाइनमनने खांबावरून वीज तोडली तरी इन्व्हर्टर घरातल्या तारा जिवंतच ठेवतो, आणि वायरमनला शॉक बसतो तो बहुतेक इथूनच. छतावर सोलर असेल तर तोही बंद. मग लाइनमन पुरवठा तोडेल. तोडल्यावर मीटरमधून बाहेर येणाऱ्या तारांवर मल्टिमीटरने तपासायचं: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही शून्य. नुसत्या टेस्टरवर भरवसा नको, कोरड्या लाकडी पाटावर उभं राहिलात तर तो नीट लागत नाही. मल्टिमीटरही आधी आणि नंतर शेजाऱ्याच्या चालू सॉकेटवर लावून बघा, तो स्वतः बंद नाही ना.

जुना बोर्ड सोडवण्याआधी चारी बाजूंनी फोटो. नवी पेटी ओल येणाऱ्या भिंतीवर नको, आणि स्टुलावर न चढता हात पोचेल इतक्या उंचीवर हवी. जुन्या वायरी नव्या पेटीपर्यंत हमखास कमी पडतात. तिथे पिळा देऊन टेप मारू देऊ नका. जुन्या बोर्डच्या जागी जंक्शन बॉक्स बसवून कनेक्टरने जोड द्या, आणि बॉक्स नंतर उघडता येईल असा ठेवा. ॲल्युमिनियम आणि तांबं एकमेकांना थेट पिळलं तर दमट हवेत जोड खराब होतो, तापतो आणि एक दिवस जळतो. तिथे दोन्ही धातूंसाठी असलेला कनेक्टर किंवा लगच हवा.

सगळी जोडणी झाल्यावर स्क्रू पुन्हा एकदा आवळायला सांगा. हे सांगायला लाजू नका, ढिला स्क्रू हे जळालेल्या डीबीचं फार साधं कारण असतं.

वीज परत घेण्याआधी मेगर, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, लावा. प्लग सगळे काढलेले, एलईडी दिवे आणि रेग्युलेटर सुटे, एसपीडी बाजूला. ५०० व्होल्टवर प्रत्येक लाइन अर्थच्या तुलनेत किमान १ मेगओहम दाखवायला हवी. जुनी ओली लाइन ०.२ दाखवते. ती आजच्या दिवस बंद ठेवा, बाकीचं घर चालू करा.

चालू केल्यावर

लाइनमनने पुरवठा जोडला की सगळे एमसीबी खाली ठेवून आधी मेनवर मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. न्यूट्रल-अर्थमध्ये २०-३० व्होल्ट दिसले तर बाहेरचा न्यूट्रल ढिला असू शकतो. लाइनमन खांबावर आहे तोवरच सांगा, तो गेल्यावर पुन्हा बोलावणं कठीण.

आरसीसीबी वर करा, टेस्टचं बटण दाबा, तो पडायलाच हवा. हे बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासतं, अर्थिंग अजिबात नसलं तरी तो पडतो. त्यामुळे बटण चाललं म्हणून अर्थिंग ठीक असं समजू नका. त्यासाठी अर्थ टेस्टरचं वेगळं माप घ्या आणि ते चाचणी अहवालात लिहून घ्या.

मग एकेक एमसीबी वर. कोणत्या एमसीबीवर आरसीसीबी पडतो ते बघितलं की दोषी लाइन कळते. पण सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत असेल तर गोंधळू नका. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठेतरी ओल्या भिंतीत किंवा गंजलेल्या बॉक्सला टेकलेला असेल तर तो तसाच टेकलेला राहतो. मेन बंद करून पट्टीवरचे न्यूट्रल एकेक करून सोडवावे लागतात. आदल्या रविवारी लावलेल्या चिठ्ठ्या इथे कामाला येतात.

पहिल्या पावसात आरसीसीबी पडू लागला की वायरमनला फोन करून "ते काढून थेट जोडा" असं सांगायचा मोह होईल. ओली लाइन शोधून तेवढीच बंद ठेवा. अंगणातला दिवा, पडवीतला उघडा सॉकेट आणि पंपाचा स्टार्टर, शोधायला या क्रमाने सुरुवात करा.

डीबीच्या झाकणावर प्रत्येक एमसीबीचं नाव मराठीत, ठळक लिहा. 'एल १' लिहून उपयोग नाही, आजीला 'देवघर-ओटी' वाचता यायला हवं. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, बिल भरायच्या दिवशी लक्षात राहतं. गावात लाइनवर काम होऊन लाइट परत आली की एक सॉकेट टेस्टरने बघा: समोरून पाहताना, अर्थचं मोठं भोक वर असताना, फेज उजव्या भोकात असतो. डाव्यात लागला तर खांबावर तारा उलटल्या आहेत, १९१२ वर कळवा.